आईवरची मच्छरदाणी

२ फेब्रुवारी, रविवार

माझा डावा घोटा २२ सेंटीमीटर. उजवा २२. तसाच.

अश्वजितमामा आला होता. नागभीडहून, सकाळच्या बसने. खुशबूसाठी आरमोरीचं स्थळ त्यानेच आणलंय. मुलगा आदेश, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पाहुणे सोळा तारखेला येणार. इथवर ठीक. मग चहा बशीत ओतत आईला म्हणाला, "बाई, तू त्या दिवशी माह्या घरी येऊन राह्यजो. दोन दिवस."

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हणते. तुले माहीत नाई?"

माहीत आहे. आईचा डावा पाय. पंधरा वर्षं झाली. गुडघ्याखाली तो पाय नाही, खांब आहे. आई लाखोळीच्या शेंगा निवडत बसली होती, तिने लुगडं थोडं पुढे ओढलं. ते बघून माझं डोकं फिरलं. मामाशी मी कधी वर तोंड करून बोललो नाही. आज बोललो. म्हटलं, आई कुठेही जाणार नाही. पाहुणे आईच्या घरी येतायत, मामाच्या नाही.

मामा म्हणाला, "पाय दिसला त लग्न मोडन. मंग तू ठेव बहिणीले घरी, पाट्या रंगवून पोस तिले."

आई खाली बघून शेंगा निवडत राहिली. तेच लागलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे पाय धुतला. टबात कोमट पाणी, साबण, बोटांच्या फटी मऊ फडक्याने कोरड्या, मग मलम. मोजला. ४०. मागच्या पावसाळ्यात धुवायला सुरुवात केली तेव्हा ४२ होता. दोन सेंटीमीटर! हे कुणाला सांगायचं?


४ फेब्रुवारी, मंगळवार

उपकेंद्रात प्रशिक्षण. दहा तारखेपासून गोळ्या वाटायच्या. गावच्या आशा इंदुताई, आणि त्यांच्यासोबत जोडीदार म्हणून मी, यंदा दुसऱ्यांदा. दहावी नापास चालतो का, असं मी गेल्या वर्षी विचारलं होतं. इंदुताई म्हणाल्या होत्या, "तुह्यासारखं अक्षर कोणाचं आहे गावात? रजिस्टर तू लिही, बोलणं माह्याकडं." म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवल्याचा असाही फायदा.

जे सांगितलं ते लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात उलटंपालटं होतं.

हत्तीरोग चिखलाने होत नाही. धानाच्या बांधीतल्या पाण्याने होत नाही. रोवणी करून होत नाही. कुणी करणी करून पायात काही टाकल्याने तर नाहीच. डासाने होतो. धागा तुटून पडावा तसे बारीक जंत, ते माणसाच्या रक्तात. दिवसा ते आत खोल लपून बसतात, रात्री रक्तात फिरायला निघतात — कारण हा डास रात्री चावतो. डास एकाचं रक्त पितो, त्यातून जंत उचलतो, दहाबारा दिवसांनी दुसऱ्याला देतो. एका चाव्याने नाही. शेकडो चाव्यांनी, वर्षानुवर्षं. आणि पाय सुजायला आणखी दहा वर्षं लागू शकतात. सुजला की गोळ्यांनी उतरत नाही. म्हणून पाय चांगला असतानाच गोळ्या. वर्षातून एकदा, सगळ्यांनी, आमच्या समोर.

हा डास घाण पाण्यात होतो. म्हणजे आमच्या न्हाणीमागच्या नालीत. म्हणजे पंधरा वर्षं आई बांधीतल्या चिखलाला शिव्या देत होती आणि कारण घराला चिकटून वाहत होतं.

येताना नाली बघितली. काळं पाणी, वर दाणे सांडल्यासारख्या अळ्या. फावडं घेऊन तिथेच सुरू झालो. शोषखड्डा करायचा. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. दोरी लावून आखला.


५ फेब्रुवारी

पाठ धरली. खड्डा दीड फूट.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

चांगली मच्छरदाणी घरात एकच आहे. ती आईवर लावतो. दिवेलागणीलाच. मी आणि खुशबू बाहेर पंख्याखाली. हिशोब सरळ आहे — रोग आईच्या अंगात आहे, डासाने आईला चावून खुशबूला चावू नये. दोन वर्षं एक संध्याकाळही चुकवली नाही. कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचतो, मग हाताने चाचपून बघतो, मग पुन्हा एकदा.

आज आई आतून म्हणाली, "कोंबडीसारखं झाकून राह्यला मले. अजून सूर्य बुडाला नाई."

मी म्हटलं, "तुह्यासाठी नाई, खुशबूसाठी."

बोलून गेलो. आई जाळीतून बघत राहिली. मग कूस बदलली.

असं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोललो? मामा तिला नागभीडला लपवतो, मी जाळीत लपवतो, असं खुशबू भांडी घासताना म्हणाली. मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मामात आणि माझ्यात फरक आहे. मी रोग थांबवतोय. तो फक्त झाकतोय.


९ फेब्रुवारी, रविवार

डावा २२. उजवा २२.

खड्डा पूर्ण. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर गिट्टी. नाली कोरडी होईल. संडासाच्या वरच्या पाइपाला कापड बांधलं, तिथूनही डास निघतात. शेजारचे मुखरूभाऊ ओट्यावरून बघत होते. "काय पुरून राह्यला बे?"

म्हटलं, "डासाचा बाप."

हसले. पण त्यांची नाली तशीच आहे, आणि माझ्या खड्ड्यापासून आठ पावलांवर आहे. मोजली.


१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. चोवीस घरं.

उंचीची पट्टी मी धरली. तीन प्रकारच्या गोळ्या — एक उंची बघून, एक वय बघून, एक चावून खायची. उपाशीपोटी कुणाला नाही. दोन वर्षांखालच्या लेकरांना नाही, गरोदर बाईला नाही, फार आजारी माणसाला नाही. हे सगळं तोंडपाठ आहे. खाल्ल्यावर डाव्या हाताच्या बोटाला शाई.

सगळे गोड बोलतात. भांडत कुणी नाही. "ठेवून जा, जेवून खातो." "आत्ताच चहा घेतला, संध्याकाळी खातो." मान हलवतात, गोळ्या हातात घेतात, आम्ही वळलो की संपलं. इंदुताई हलत नाहीत. दारातच बसकण मारतात. "मी पण थांबतो बापा, मले काय घाई. जेवा तुमी."

मुखरूभाऊंकडे अर्धा तास गेला. ते म्हणाले, "इंदुबाई, मागं गल्लीतला एक पोरगा गोळी खाऊन तापानं फणफणला. चांगल्या माणसाले आजारी पाडते तुमची गोळी."

इंदुताई म्हणाल्या, "भाऊ, ज्याच्या अंगात काही नाई त्याले बहुतेक काही होत नाई. अंगात जंत असले का मग ते मरतेत, मरताना ताप येते, जांघेत गाठ येते. दोन दिवसांत जाते. ताप आला म्हणजे समजा औषध लागलं. तो पोरगा वाचला म्हणा."

माझ्या हातातली पट्टी तिरकी झाली. एका पोराची उंची चुकीची लिहिली. खोडून पुन्हा लिहिली.

मुखरूभाऊंनी गोळ्या घेतल्या नाहीत.


१० फेब्रुवारी, रात्री

एक गोष्ट लिहायची राहिली. सकाळी सगळ्यांसमोर आधी इंदुताईंनी गोळ्या खाल्ल्या, मग मी. लोकांचा विश्वास बसावा म्हणून. मी तोंडात टाकल्या, पाणी प्यालो, शाई लावून घेतली. गोळ्या गालात होत्या. घरामागे जाऊन काढल्या.

रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावापुढे 'खाल्ल्या' लिहिलं. गेल्या वर्षीही असंच केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी खऱ्याच खाल्ल्या होत्या. त्या रात्री हुडहुडी भरली, जांघेत लिंबाएवढी गाठ. मला वाटलं आता पाय सुजणार, आईसारखा. सकाळपर्यंत भिंतीला टेकून बसलो होतो. तेव्हापासून घोटा मोजतो. आणि गोळीची भीती वाटते. रोगापेक्षा जास्त. हे या वहीशिवाय कुणाला माहीत नाही.

ताप आला म्हणजे अंगात जंत — हे इंदुताई म्हणाल्या. पण घोटा २२ आहे. दर रविवारी २२.


११ फेब्रुवारी, मंगळवार

मुखरूभाऊंच्या घरी पुन्हा. ते शेतात होते. त्यांच्या सुनेने, सोमारीने, फळीवरून डबा काढून दाखवला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत तीन वर्षांच्या गोळ्या! घरातल्या पाच माणसांच्या. प्रत्येक वर्षाची वेगळी पुडी, दोऱ्याने बांधलेली, वर कोळशाने खूण. काही पिवळ्या पडलेल्या. शेजारच्या डब्यात धानाचं बियाणं, तेही तसंच जपून.

सोमारी म्हणाली, "बाबा म्हणते, दवा रोग आल्यावर खा लागते. आंधी खाऊन वाया काऊन घालवाची? पाय सुजला त घरात असन."

इंदुताईंनी एक पुडी उचलून बघितली. मग म्हणाल्या, "बाई, पाय सुजल्यावर या डब्याचा काही उपेग नाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. माणसाने फेकल्या नाहीत, जपल्या. बियाण्यासारख्या. लबाडी नाही त्यात. माझ्या पँटच्या खिशात कालच्या गोळ्या कागदात बांधलेल्या होत्या, आणि मी ती पुडी चाचपत उभा होतो.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

मामाचा फोन. आईने घेतला. "हो" म्हणाली, "बरं" म्हणाली, ठेवला. मग मला म्हणाली, "जातो मी नागभीडले. दोन दिवसांचा प्रश्न आहे. पोरीचं भलं होऊ दे."

मी भांडलो. आवाज चढला. आई म्हणाली, "तू मले रोज झाकते. अश्वजित दोन दिवस झाकन. त्याचाच राग काऊन?"



खुशबू चुलीजवळून उठून आली. म्हणाली, "आई, तू गेली त मी पाहुण्यांसमोर बसतच नाई. चहा बी तुह्या मोठ्या पोरालेच द्या लागन."

आईला हसू आलं. मग रडू आलं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "पायात घालाले काही आहे का? अनवाणी नाई बसणार मी."


१५ फेब्रुवारी, शनिवार

ब्रह्मपुरीला गेलो. तीन दुकानांत विचारलं. पुरुषांची दहा नंबरची सँडल मिळाली, मऊ तळाची. डाव्या सँडलचे पट्टे कापले, मोची भाऊंकडून लांब पट्टा शिवून घेतला, चिकटपट्टीचा. त्यांनी विचारलं, "हत्तीचा पाय हाय का?"

नेहमी मी म्हणतो, पाय मुरगळलाय. आज म्हटलं, "आईचा आहे. हत्तीपाय."

त्यांनी मान डोलावली आणि शिवण दुहेरी घातली. बस, एवढंच झालं. आभाळ पडलं नाही.

घरी आईच्या पायात घातली. बसली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या दोन्ही पायांत सारखं पायताण. अंगणात तीन चकरा मारल्या. उगाचच.


१६ फेब्रुवारी, रविवार

घोटा मोजला नाही. वेळच नव्हता.

पाहुणे साडेअकराला आले, काळीपिवळीने. आदेश, त्याचे वडील, त्याची आत्या कलाबाई, आणखी दोघे. जयभीम झाला. मामा सकाळपासून आला होता, आणि आई घरातच आहे हे बघून तोंड पाडून बसला होता. आई समोरच्या खुर्चीत. लुगडं नेहमीसारखं, ओढलेलं नाही. सँडल नवी.

पोहे झाले. कलाबाईंची नजर खाली गेली. मी बघत होतो ती कधी जाईल. पोह्याची बशी त्यांनी जमिनीवर ठेवली.

"पायाले काय झालं, बाई?"

मामा पटकन म्हणाला, "ते जरा पडली होती..."

आई म्हणाली, "नाई पडली. हत्तीपाय आहे. पंधरा वर्षं झाली. रोज धुतो, दुखत नाई आता. माहा पोरगा धुते." मग मामाकडे न बघता, "माहा भाऊ भोळा आहे. त्याले वाटते तुमी पायाशी सोयरीक करून राह्यले."

कुणी हसलं नाही. फक्त आदेश थोडा हसला, मग खाली बघितलं.

कलाबाई म्हणाल्या, "पोरीले त नाई ना?"

खुशबू चहाचा ट्रे धरून उभी होती. तिने ट्रे ठेवला, साडी चार बोटं वर उचलली, दोन्ही पाय दाखवले. "पाहून घ्या. हे दोन, अन् दोन्ही माह्येच."

मामाने डोळे मिटले.

मी बोललो मग. डास, जंत, गोळ्या, सगळं. भरभर. हा रोग रक्ताच्या नात्याने येत नाही, हात लावून येत नाही, ताटातून येत नाही. आदेशचे वडील ऐकत होते. कलाबाई ऐकत नव्हत्या, त्या आईच्या सँडलकडे बघत होत्या. चहा अर्धा ठेवून उठले. "कळवतो."

काळीपिवळी वळणाआड गेल्यावर मामा म्हणाला, "झालं समाधान?"

आई म्हणाली, "हो. झालं." सँडल काढली, पुसली, कोनाड्यात ठेवली.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

आरमोरीहून निरोप, मामाच्या मार्फत. मुलगा तयार आहे. आत्या म्हणते, मुलीच्या रक्ताची तपासणी करून रिपोर्ट दाखवा. घरातल्या सगळ्यांचीच करा. मग पुढे बघू.

मला आग लागली. म्हटलं, सांग त्यांना, आम्ही काय बाजारात उभी केलेली जनावरं आहोत? पण खुशबू शांत होती. म्हणाली, "देऊ ना. काऊन नाई? पण त्याहीनं बी द्या लागन. त्यांच्याकडं बी डास असतीलच. माहा रिपोर्ट जाईन, तवा त्याचा बी आला पायजे."

मामा फोनवर एवढंच म्हणाला, "हे पोरगी कोणावर गेली?"

पलीकडच्या खाटेवरून आई म्हणाली, "माह्यावर."

इंदुताईंना सांगितलं. वीस तारखेला हत्तीरोगाचं पथक गावात रात्री रक्त घ्यायला येणारच आहे. दिवसा घेऊन उपयोग नाही, दिवसा जंत सापडत नाहीत. मी म्हटलं, तिघांची नावं वर लिहा. मनकर्णा, खुशबू, राजदीप. पहिली तीन. सगळ्या गावाला बघू दे.

आरमोरीला तीन कोरे, म्हणजे जंत नसलेले, रिपोर्ट पाठवीन. आईचा तर — आईचा काय येईल ते माहीत आहे. पण खुशबूचा स्वच्छ येणार. दोन वर्षं मच्छरदाणी चुकवली नाही मी.

माझा?

२२ आहे. मोजला आत्ता. मंगळवारी मोजत नाही कधी.


२० फेब्रुवारी, गुरुवार

विहाराच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. साडेआठ. पथकातले सर, एक दिवा, काचपट्ट्या. लोक लांब उभे. रात्री रक्त काढतात म्हणजे विकतात, अशी कुजबुज दरवर्षीची.

आई नवी सँडल घालून निघाली. सगळ्या गल्लीतून, मधोमध. माझा हात धरला नाही. टेबलाजवळ बोट पुढे केलं. सुई टोचली, काचेवर थेंब, पसरवला. आई मागे वळून म्हणाली, "मुखरूभाऊ, मुंगी चावते त्याच्यापरीस कमी आहे. या."

मुखरूभाऊ म्हणाले, "मले काय झालं? माहे पाय पाहा, खुंट आहेत खुंट."

"माह्ये बी होते," आई म्हणाली.

ते आले. त्यांच्या मागे आणखी. सरांनी नंतर सांगितलं, या गावात एका रात्री एवढे कधीच आले नव्हते.

मी तिसरा होतो. मी बाहेरच्या नळावर हात धुवायला गेलो आणि तिथेच राहिलो. खरं लिहितो. परत जावं, पोट दुखतंय म्हणावं, असं वाटलं. इंदुताईंनी हाक मारली. मग आईने मारली. गेलो. सर म्हणाले, "हात एवढा थंड काऊन?"

थेंब काचेवर पडला. लाल, साधा. आईच्या थेंबापेक्षा वेगळा दिसत नव्हता.


२३ फेब्रुवारी, रविवार

डावा २२. उजवा २२.

सुटलेल्यांची फेरी. मुखरूभाऊंनी गोळ्या खाल्ल्या! जेवणानंतर, आमच्यासमोर. पाचही माणसांनी. जुना डबा इंदुताईंनी मागून घेतला. मुखरूभाऊंनी तो देताना दोनदा हात मागे घेतला, जसं घरचं काही निघून चाललंय. मग म्हणाले, "तुह्या मायनं सांगतलं म्हणून. तुह्या भाषणानं नाई." उद्या त्यांची नाली खोदायची, मी आणि ते.

रजिस्टर पूर्ण. एकशे बारा घरं. एकाही ओळीत खाडाखोड नाही, एका पोराची उंची सोडून.

माझी पुडी अजून खिशात आहे. रिपोर्ट आला की खाईन, असं ठरवलं होतं. कोरा आला तर खायची गरजच नाही, आणि नाही आला तर — तर खाईन.

आज कळलं, हे मी नाही, मुखरूभाऊ बोलतायत. रोग आल्यावर खाऊ. तीन वर्षांच्या पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या. त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. मला तोंडपाठ होतं.


२६ फेब्रुवारी, बुधवार

आदेशने खुशबूला फोन केला. त्याने आरमोरीला रक्त दिलं. आत्या चिडलीय. खुशबू सांगताना लाजली नाही, पण वेणी तीनदा सोडून बांधली.


१ मार्च, शनिवार

इंदुताई स्वतः आल्या. मला अंगणाबाहेर बोलवत होत्या. मी म्हटलं, इथेच सांगा, सगळ्यांसमोर.

खुशबू — जंत नाहीत. आई — जंत नाहीत. मी दोनदा विचारलं. इंदुताई म्हणाल्या, जुन्या पायात बहुतेकदा जंत केव्हाच मेलेले असतात. सूज राहते, रोग पुढे जात नाही. आईपासून कुणाला काही नव्हतं. कदाचित कित्येक वर्षं नव्हतं.

माझ्यात आहेत. भरपूर.

घोटा २२.

बारा दिवसांच्या गोळ्या सुरू. पहिली मुखरूभाऊंच्या ओट्यावर खाल्ली, सगळे बघत असताना. ताप आला तर येऊ दे. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढचं 'खाल्ल्या' खोडलं, दोन्ही वर्षांचं, शेजारी खरं लिहिलं आणि सही केली. तिन्ही रिपोर्टचे फोटो खुशबूने आरमोरीला पाठवले. माझाही. आदेशचं उत्तर आलं, भाऊले सांग, एक बी दिवस चुकवू नको.

दिवेलागणीला आईने मच्छरदाणी तिच्या खाटेवरून सोडली आणि माझ्यावर लावली. चारही कडा खोचल्या. हाताने चाचपून बघितलं. मग पुन्हा एकदा.